अंगठ्याची ऐट

बँकेत शाईची गादी होती त्या काळची गोष्ट. माझा अंगठा तिच्यावर ऐटीत बसायचा, तेव्हा बाकीची बोटं चिडवायची, "आला अडाणी."

पुढे बँक मोबाइलात आली. नात म्हणाली, "आजी, अंगठा टेक. यापुढे त्यावरच बँक उघडेल."

अंगठा फुगला. "बघा, आता शिकलेलेही माझ्याच वाटेला आले."

मोबाइल म्हणाला, "रेषा दिसत नाहीत."

दिसणार कुठून? जन्मभर राखेने भांडी घासून त्या कधीच गेल्या होत्या.

मग करंगळी टेकवली. ही बाई भांडी घासतानाही अंग चोरून उभी असायची. मोबाइलने तिला लगेच ठेवून घेतलं.

आता पेन्शन बघायची झाली की अंगठा अदबीने म्हणतो, "करंगळीताई, जरा येता का?"

ती म्हणते, "आधी तुमची भांडी आटपा."