सरकलेले खांब

"मग खांब त्याने मुद्दाम नाही सरकवले, तर सरकले कसे?"

इरावतीच्या आवाजाला धार होती. तिचे जुने शिक्षक फातर्फेकर सर शांतपणे सुपारी कातरत होते, त्याचाही तिला राग आला.

एका शाळेच्या इमारतीचं मॉडेल तिने संगणकावर उभं केलं होतं. भिंती, दारं, जिने तिचे, खांब तिच्याच ऑफिसातल्या तरडेचे. आज दोन्ही मॉडेलं एकावर एक ठेवली, तर तरडेचे खांब भिंती सोडून खुशाल अंगणात उभे. शिवाय तिरकेही.

तिला बढती मिळाल्यापासून तरडेच्या पोटात दुखत होतं, अशी तिची खात्री होती. उद्या मीटिंगमध्ये साहेबांपुढे ती त्याचं नाव घेणार होती. नाव घेतलं की त्याची नोकरी जाणार, हेही तिला पक्कं ठाऊक होतं.

सगळेच खांब सरकलेत का, सरांनी विचारलं.

"सगळेच. सारखेच."

"बरं... तुझं माप कुठून सुरू होतं?"

जिन्याच्या कोपऱ्यातून, ती म्हणाली. तिथे तिचं शून्य. तिथूनच सारी इमारत मोजलेली.

"आणि त्याचं?"

ते तिने तरडेला विचारलंच नव्हतं. पण हे कबूल करायच्या आधी तिला भलतंच आठवलं. तरडेही सरांच्याच हाताखाली शिकलेला. म्हणजे म्हातारा त्याला पाठीशी घालतोय! ती आता सरांकडेही तिरक्या नजरेने बघू लागली.

सरांनी अडकित्ता खाली ठेवला. टेबलावर तिचा टॅब पडला होता, पडद्यावर इमारतीचा नकाशा.

"उत्तर दिशा दाखव."

यात काय दाखवायचं? तिने बोट पडद्याच्या वरच्या कडेला नेलं. बोट खिडकीकडे रोखलेलं होतं.

सरांनी टॅब जागच्या जागी अर्धा फिरवला.

"आता दाखव."

तिचं बोट सवयीने पुन्हा पडद्याच्या वरच्या कडेला गेलं. या वेळी ते तिच्याच छातीकडे रोखलेलं होतं.

खिडकी होती तिथेच होती.

तिने हळूच हात मागे घेतला. तरडेचं शून्य वेगळं असेल, उत्तरही वेगळी, तर खांब सरकलेले दिसणारच. तिला लाज वाटली, आणि भीतीही. उद्या आपण काय करून बसलो असतो, याची.

"सर, त्याला फोन करून... काय विचारू?"

सरांनी अडकित्ता पुन्हा उचलला.

"विचार, त्याच्याकडून बघताना तू किती सरकलीयेस."