खुर्चीवरून दिसणारे अकरा

वाडीच्या शाळेत हेमलताबाई चौथीच्या मुलांना खराट्याच्या काड्या मांडून रोमन अंक शिकवत होत्या. तेवढ्यात तपासणीला ढोबळेसाहेब आले आणि मुलांसमोरची एकुलती एक खुर्ची अडवून बसले.

"ही शाळा आहे की खराटे बांधायचा कारखाना? हा पोरखेळ आजपासून बंद."

"साहेब, यानं मुलं विचार करायला लागलीत," बाई म्हणाल्या.

"असं? मग बघूच." साहेबांनी वाकून फरशीवर फुली मांडली आणि तिच्या उजवीकडे एक काडी ठेवली: XI. "हे अकरा. काडीला हात न लावता याचे नऊ करा. जमलं तर काड्या राहतील."

साहेबांच्या समोर मांडी घालून बसलेली तनुजा म्हणाली, "साहेब, जरा इकडे माझ्याशेजारी येऊन बसता का?"

साहेब कुरकुरत उठले आणि गुडघे धरत तिच्याशेजारी टेकले. बघतात तर काडी फुलीच्या डावीकडे: IX.

"अगं, पण तू तर काहीच केलं नाहीस."

"नाहीच केलं, साहेब. आम्हाला पहिल्यापासून नऊच दिसत होते. अकरा फक्त खुर्चीवरून दिसतात."

उरलेला तास साहेबांनी फरशीवरच काढला.