नदी नसलेला पूल

कोंडसरच्या तळ्यावर आलेले पाहुणे हमखास हसतात. एवढ्याशा गावाला दोन धर्मशाळा, तीन व्यायामशाळा आणि खाली नदी नसलेला पूल! आमचं ग्रामविकास मंडळ सारखी नवी कामं का काढतं, असं विचारतात. अहवालात 'लोकांची गरज' असं लिहिलेलं असतं. ते सरकारसाठी. खरं कारण बांधावरच्या त्या काळ्या दगडावर आहे. बघा, पण त्यावर बसू नका.

असं सांगतात की, तळं खणायला घेतलं तेव्हा इथं वाघाचं रान होतं. खणणारी माणसं एकेक करून नाहीशी व्हायला लागली. तेव्हा पंचांचा म्होरक्या गुणाजी याने वाघोबाला साकडं घातलं : "आमचं काम चालू आहे तोवर माणसाला हात लावू नकोस." वाघोबाने ऐकलं. त्यानंतर कुणाला ओरखडाही उठला नाही. पुढं काम संपेल, हे मात्र एकाही पंचाच्या डोक्यात आलं नाही. पंचच ते!

शेवटचा दगड बसला. हातोडे थांबले. गुणाजीची लेक भागी पहिली घागर भरायला पाण्यात उतरली, आणि बांधावर तो येऊन बसला. वासरापेक्षा थोराड. डरकाळी नाही, काही नाही. नुसता भागीकडे बघत होता म्हणे.

गुणाजीची बायको यसू धोंडा उचलून पुढं झाली. तो वाघासमोर ठेवून म्हणाली, "देवा, काम कुठं संपलंय? घाट राहिलाय की! ही बघ पहिली पायरी."

वाघाने बराच वेळ विचार केला. मग त्या धोंड्यावर पंजा ठेवला, अंगठा उठवावा तसा, आणि रानात निघून गेला. तो उमटलेला पंजा हाच.

आजही इथं एक काम संपण्याआधी दुसऱ्याचा नारळ फुटतो. यंदा मात्र मंडळात दोन तट पडलेत. एकाला उद्यान हवं, दुसऱ्याला मंगल कार्यालय. वाचनालयाची शेवटची फरशी बसवून गवंडी दुपारीच घरी गेला. नारळ अजून टोपलीतच आहे, आणि मघापासून बांधावर एकही बगळा उतरलेला नाही.

पाहुणे, तुम्ही कुठल्याच तटाचे नाही. एक धोंडा उचला आणि ठेवा कुठंही. कशाचा ते मागाहून ठरवू. मागं मात्र वळून बघू नका.