दोन्ही फुलांचं झाड

"उपटू ना, महाराज?"

उमेदगीरनं भांगेच्या झाडाच्या बुंध्याला हात घातलाच होता.

निळकंठगीर महाराज बांधावर बसले होते. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या त्यांच्या मठात भांगेचा एकच वाण तीन पिढ्या चालत आला होता. औषधापुरता, परवान्याचा. भांगेत नर-मादी झाडं वेगळी, आणि औषध मादीच्या तुऱ्यांत; म्हणून नर झाडं फुलण्याआधी उपटायची आणि बियांसाठी एक नर विहिरीमागं राखायचा, अशी तिथली रीत.

शिष्य उमेदगीरला आपल्या नजरेचा भारी गर्व. यंदा त्यानं शेत असं साफ केलं, की विहिरीमागचा तो एक नरही त्याच्या तावडीतून सुटला नाही. उपटल्यावर लक्षात आलं. मडक्यातलं जुनं बी तर सगळं पेरून झालेलं. तेव्हापासून बिचाऱ्याला अन्न गोड लागत नव्हतं. पण सांगायला जीभ रेटत नव्हती.

"का उपटतोस?"

"मादी आहे, आणि नराची फुलं काढलीयत. एकाच फांदीवर दोन्ही. खोडच वाईट हिची."

"केव्हापासून?"

"आठ दिवस झाले असतील. त्याआधी चांगली होती."

"त्याआधी ती वाट बघत होती."

"कुणाची?"

महाराज विहिरीकडं बघत राहिले...

उमेदगीरचा हात बुंध्यावरून सुटला.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"तू सांगशील म्हणून थांबलो."

उमेदगीरनं महाराजांचे पाय धरले.

"तीन पिढ्यांचं बी माझ्या हातानं बुडालं, महाराज. मला मठात ठेवू नका."

महाराज उठले. ती फांदी त्यांनी वाकवली आणि शेजारच्या तुऱ्यांवर झटकली. परागांची थोडी पिवळी भुकटी उडाली.

उमेदगीर बघतच राहिला.

"हिच्यापासून बी धरेल?"

"धरेल. बहुतेक माद्याच निघतील."

"आणि आईची खोड लेकींत उतरली तर?"

"काहींत उतरेल."

"मग त्या उपटायच्या, की ठेवायच्या?"

महाराजांनी फांदी अलगद सोडून दिली.

महिन्याभरानं बी पिकलं. मूठभरच होतं. महाराजांनी ते सगळं उमेदगीरच्या ओंजळीत टाकलं.

"पेर," ते म्हणाले. "आणि उपटताना हात जरा थरथरू दे."