फळीतलं भोक

“मग हे भोक पाडलं कुणी?” केल्विनने विचारलं.

पाडलं इनास मास्तरांनीच होतं. अख्ख्या गावाला ठाऊक होतं, केल्विनलाही. त्याला ते म्हाताऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

“मीच.”

मास्तर उठले आणि चहा टाकायला गेले. मोठ्या माणसांना कबुली दिल्यावर लगेच काहीतरी काम आठवतं.

टेबलावर केल्विनच्या पप्पांची जॅझ गिटार पडली होती. व्हायोलिनसारखी कमानदार फळी, आणि त्या फळीत काडेपेटीहून मोठं चौकोनी भोक. पप्पा मास्तरांचे पहिले शिष्य. हॉटेलातल्या बँडच्या गोंगाटात त्यांची गिटार ऐकू यावी म्हणून मास्तरांनी फळी कापून पिकअप, म्हणजे तारांची थरथर पकडून अँपमधून मोठ्याने ऐकवणारी डबी, बसवला होता.

पप्पांना जाऊन वर्ष झालं होतं. केल्विनला हवा होता तो भोकाच्या आधीचा आवाज. तो आवाज ऐकला तेव्हा केल्विन पाच वर्षांचा होता. पप्पा ओटीवर बसून वाजवायचे आणि बोंबील साफ करता करता मम्मीचे हात थांबायचे.

“तीन पिकअप लावून बघितले, मास्तर. एक जाडा वाजतो. एक पत्र्यासारखा. तिसरा बरा आहे, पण... पप्पांचा नाही. कुठला लावू?”

“कॉलेज सोडलंस ते यासाठी?”

“कॉलेजचं राहू द्या. तिथे शिकवणारेही तुमच्यासारखेच होते. विचारावं एक, सांगणार भलतंच.”

मास्तरांनी भिंतीवरची स्वतःची गिटार उतरवून त्याच्या मांडीवर ठेवली.

“वाजव. अँपशिवाय.”

केल्विनने तारा छेडल्या.

...

तोच. अगदी तोच नाही, पण त्याच घरातला. त्याची बोटं थांबेनात.

मास्तरांनी वाकून फळीवर तळहात टेकवला. आवाज बसला.

“पिकअप फळीत बसवला की असं होतं. फळी कापली जाते, वर त्याचं वजन. मग ती मोकळी थरथरत नाही. तारा ऐकू येतात, लाकूड नाही. अँप मात्र शिट्टी मारत नाही. बँडला तेच हवं असतं.”

“हात काढा.”

मास्तरांनी काढला. आवाज परत आला.

“हात काढता येतो,” मास्तर म्हणाले. “भोक नाही.”

केल्विनने मांडीवरच्या गिटारीकडे नीट पाहिलं. तिचा पिकअप गळ्याच्या टोकाला पातळ पट्टीवर टांगलेला होता. खालून पोस्टकार्ड सरकेल एवढी फट. फळी अखंड.

“तुमची नाही कापलीत.”

“नाही.”

“का? बँड तर तुमचा-पप्पांचा एकच होता.”

“तुझ्या पप्पाची ऐकली होती.”

“म्हणजे शिकलात तुम्ही आणि गिटार गेली आमची.”

“हो.”

केल्विन भांडायच्या तयारीने आला होता. ‘हो’शी कसं भांडायचं, ते त्याला कळेना.

“पप्पा काय म्हणाले तेव्हा?”

मास्तरांनी स्टोव्ह बारीक केला.

“म्हणाला, ‘मोठी वाजते, मास्तर.’ एवढंच...”

“मग?”

“मग नऊ वर्षं माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून वाजवलं त्याने. माझ्याशी बोलला नाही.”