अकरावा जिन्नस

“महाराज, तुम्हीच सांगा, हा अकरावा जिन्नस दुसऱ्या कुणाला आपोआप सुचेल का?”

मन्मथशेठ साखरे यांनी धुपाची पुडी केवळपुरी महाराजांपुढे सरकवली.

चोर हाती लागला की व्यापाऱ्याला भूक चांगली लागते. शेठ सकाळी चार धपाटे खाऊन बालाघाटचा डोंगर चढून मठात आले होते. तीन जिल्ह्यांत देऊळ असो की दुकान, धूर निघाला की तो साखऱ्यांच्या धुपाचाच. आणि आता एकोणीस वर्षं त्यांच्याकडे धूप कुटणारा बन्सी घोडके तोच माल स्वतःच्या नावानं विकू लागला होता.

“जिन्नस कोणता?”

शेठनी मागे वळून दार पाहिलं. वकिलालाही त्यांनी हे बंद पाकिटातून दिलं होतं.

“सीताफळाच्या बियांची पूड. ऊद, गुग्गुळ, नागरमोथा सगळं जग घालतं. ही बी कोण घालेल? बन्सीच्या धुपात सापडली! तपासून घेतलंय.”

“मग?”

“मग काय! जे कुणी आपण होऊन घालणार नाही, ते त्यानं घातलं. म्हणजे चोरलंच. कोर्टाला एवढं पुरे. मनाई हुकूम निघाला की त्याचा कारखाना बंद. फक्त मठाचा एक दाखला हवा… माझ्या आजोबांच्या आधी असा धूप या मुलखात नव्हता म्हणून.”

“आजोबांना कुठं सापडला?”

“अहो, इथंच! चार महिने सेवेला होते ना ते. पहाटे दृष्टांत झाला. देवानं अकरा जिन्नस सांगितले.”

“देवानं…”

“लावून तर बघा. पुडीवर छापलंय आम्ही, भक्ताच्या डोळ्यांत पाणी आणणारा धूप.”

महाराजांनी निखाऱ्यावर चिमूट टाकली. धूर उठला. शेठचे डोळे भरून आले. त्यांनी ते पुसले नाहीत, अभिमानानं वाहू दिले.

“भाव दाटतो बघा.”

महाराजांनी उपरण्यानं डोळे पुसले. धुपाटणं बाहेर नेऊन झटकलं, नवे निखारे घेतले. मग कोनाड्यातल्या बरणीतून स्वतःची चिमूट टाकली.

शेठ हसत होते. हसता हसता थांबले.

तोच वास. अगदी तोच… पण त्याच्या तळाशी आणखी काहीतरी, गोड, खोल, जे साखऱ्यांच्या धुपात कधीच नव्हतं. आणि डोळे कोरडे.

“हा… बन्सीनं आणून दिला?”

“माझ्या गुरूंच्या गुरूंचा आहे.”

शेठचा हात पुडीवरच राहिला.

“मन्मथ, सीताफळाची बी तुझ्या घरच्या बायका कशाला वापरतात?”

“उवांना.”

“आणि काय बजावतात?”

“डोळ्यांत जाऊ देऊ नका म्ह…”



“आमच्याकडे एक रीत होती,” महाराज म्हणाले. “अकराच्या अकरा कानात सांगायचे. चोपडीत लिहिताना शेवटचा बदलून लिहायचा.”

“कशासाठी?”

“चोर ओळखू यावा म्हणून.”

 दुकानातला आजोबांचा फोटो, त्याला रोजचा हार, पुडीवरची ती ओळ, साठ वर्षं रडवलेली गिऱ्हाइकं… सगळं एकदम शेठच्या अंगावर आलं. जे कुणी आपण होऊन घालणार नाही. कोर्टासाठी पाठ केलेलं वाक्य. एक अक्षर खोटं नव्हतं त्यात.

“आजोबांनी चोपडी…”

“उघडीच असायची ती.”

 बाहेर झाडावर होला पक्षी घुमत होता.

“दाखला हवा होता ना तुला? काय लिहू?”

शेठनी दाखल्यासाठी आणलेला कागद झटक्यात ओढून घेतला, चार घड्या घालून कोपरीच्या खिशात कोंबला. उठायला गेले. नाक मात्र कामाला लागलं होतं. व्यापाऱ्याचं नाक ते, घर जळत असलं तरी धूर कसला आहे ते आधी हुंगणार.

“महाराज… मग खरा अकरावा कोणता?”

“सांगतो की.”

शेठ पुन्हा बसले. कान पुढे केला.

महाराजांनी बरणीला झाकण लावलं.

“बन्सीला घेऊन ये. दोघांना एकदमच सांगतो.”