चिमटी मुंगीचे सहा ठिपके

एक होती मुंगी. तिचं नाव चिमटी. अंग तिळाएवढं, पण तोरा? बाई गं, हत्तीएवढा!

एकदा रेवूच्या घरी ठसेकाम चाललं होतं. भेंडी कापली, कचाक! निळ्या रंगात बुडवली, बुडुक! कागदावर टेकवली, ठप्प! उमटलं फूल.

चित्र कुणाचं? रेवूचं. करत कोण होतं? रेवूची आई! रेवू आपली बसली होती, हाताची घडी, तोंडावर बोट.

चिमटी रंगातून गेली, कागदावर उभी राहिली. सहा पायांचे सहा ठिपके उमटले. इवले इवले!

"शी! डाग!" आई म्हणाली. वर भेंडी टेकवली, ठप्प! ठिपके गायब.

चिमटी रडली नाही. चिडली. "भेंडीचा ठसा, आणि माझा डाग? वा गं वा!"

तुरुतुरु तुरुतुरु, गेली कागदाकडे.
"कागदा कागदा, माझा ठसा घे."
"कोरड्या पायांनी? जा, रंग लावून ये."

तुरुतुरु तुरुतुरु, गेली रंगाकडे.
"रंगा रंगा, माझे पाय रंगव. कागद ठसा घेईना, मी काय करू?"
"मी तर वाळलो! पाणी पडलं तर रंगवीन."

तुरुतुरु तुरुतुरु, गेली पाण्याकडे.
"पाणीदादा पाणीदादा, रंगावर पड. रंग पाय रंगवेना, कागद ठसा घेईना, मी काय करू?"
"मी वाटीत मजेत आहे. रेवूनं उडवलं तर पडेन."

तुरुतुरु तुरुतुरु, गेली रेवूकडे.
"रेवूताई रेवूताई, पाणी उडव. पाणी रंगावर पडेना, रंग पाय रंगवेना, कागद ठसा घेईना, मी काय करू?"
"आई हात लावू देत नाही. फ्रॉक खराब होईल म्हणते."

तुरुतुरु तुरुतुरु, गेली आईकडे.
"रेवूची आई, रेवूची आई, रेवूला हात लावू दे. रेवू पाणी उडवेना, पाणी रंगावर पडेना, रंग पाय रंगवेना, कागद ठसा घेईना, मी काय करू?"
"छे! चित्र कसं नीटनेटकं हवं. शेजारच्या काकूंना दाखवायचंय, आमच्या रेवूनं केलं म्हणून!"

"अस्सं?" चिमटी म्हणाली. आईच्या पायाच्या अंगठ्यावर चढली. आणि चावली. कडकडून!

"आई गं!" आईच ओरडली. भेंडी उडाली. "सोड गं बाई! रेवू, कर हो, तुझं तूच कर!"

मग काय! रेवूनं पाणी उडवलं, छपाक! पाणी रंगावर पडलं, टपक! रंगानं पाय रंगवले, चपक! आणि कागदानं ठसा घेतला. टिप टिप टिप, टिप टिप टिप!

रेवूनं भेंडी टेकवली, कोपर टेकवलं, नाकसुद्धा टेकवलं. मधोमध चिमटीचे सहा ठिपके.

काकू आल्या. "अगं, किती नाजूक ठिपके! कुणी गं काढले?"

"मी..." आई म्हणाली. आणि तिनं खाली पाहिलं. अंगठ्याशी चिमटी उभी. तोंड उघडून!

"मी नाही हो! चिमटीनं! चिमटीनं काढले!"

ठसा उमटला ठप्प, आई झाली गप्प!